श्री नारायण गुरू : मूर्तीपासून आरशापर्यंत

केरळमधील सामाजिक प्रबोधनाचे अग्रदूत श्री नारायण गुरू यांनी १८८८ सालच्या महाशिवरात्रीला अरुविप्पुरम येथे नेय्यार नदीच्या काठी शिवलिंगाची प्रतिष्ठापना केली. त्यासाठी लागणारा पाषाण त्यांनी नदीच्याच पात्रातून काढला होता. तत्कालीन त्रावणकोर संस्थानात देवतेची प्रतिष्ठापना करण्याचा अधिकार केवळ ब्राह्मणांचा मानला जाई. नारायण गुरूंचा जन्म तर अस्पृश्य गणल्या गेलेल्या एळवा समाजात झाला होता. या अधिकाराविषयी त्यांना जाब विचारण्यात आला, तेव्हा आपण एळवांच्या शिवाची स्थापना केली आहे, असे शांत उत्तर त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. पुढे १९२७ साली, आयुष्याच्या अखेरीस, त्यांनीच एका मंदिराच्या गाभाऱ्यात मूर्तीऐवजी आरसा बसविला. धर्माच्या नावाने उभ्या राहिलेल्या भिंती दूर करायच्या, पण माणसाची श्रद्धा हिरावून घ्यायची नाही, हे या जीवनकार्याचे सूत्र होते.

नारायण गुरूंचा जन्म १८५६ च्या सुमारास तिरुवनंतपुरमजवळील चेंपळंती या गावी झाला. वडील माडन आशान हे शिक्षक होते. संस्कृतचे उच्च शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी काही काळ अध्यापन केले आणि नंतर गृहत्याग केला. या भ्रमंतीत त्यांची चट्टंबी स्वामींशी मैत्री झाली. कन्याकुमारीजवळील मरुत्वामला डोंगरावरील गुहेत त्यांनी तपश्चर्या केली. अद्वैत वेदान्तावर त्यांची गाढ निष्ठा होती. सर्व चराचरात एकच तत्त्व भरून असेल, तर माणसामाणसांत उच्चनीच भेद कसा असू शकेल, हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ तत्त्वचर्चेचा नव्हता.

त्या काळी एळवा समाजाला मोठ्या मंदिरांत प्रवेश नव्हता आणि त्या परिसरातील रस्त्यांवरूनही जाण्यास मनाई होती. सरकारी शाळा आणि नोकऱ्यांची दारेही बहुतांशी बंद होती. वैद्यकीय पदवी मिळवूनही डॉ. पल्पू यांना संस्थानात नोकरी नाकारण्यात आली आणि त्यांना म्हैसूर संस्थानात सेवा करावी लागली. अशा परिस्थितीत गुरूंनी संघर्षासाठी निराळा मार्ग निवडला. इतरांच्या मंदिरांसमोर याचना करण्याऐवजी त्यांनी नवी मंदिरे उभारली. अरुविप्पुरम येथे त्यांनी कोरून घेतलेल्या लेखात, जातिभेद आणि धर्मद्वेष यांपासून मुक्त होऊन सर्वांनी बंधुभावाने राहावे असे हे आदर्श स्थान आहे, असा आशय होता. तलश्शेरी, कोळिकोड आणि मंगळूर येथेही त्यांच्या हस्ते मंदिरांची स्थापना झाली.

मात्र ही मंदिरे उभारताना जुन्या रूढी तशाच पुढे चालू ठेवण्यास त्यांचा विरोध होता. पशुबळी आणि मद्याचा नैवेद्य घेणाऱ्या क्षुद्र देवतांची पूजा त्यांनी अनेक ठिकाणी बंद करविली. कर्ज काढून केल्या जाणाऱ्या खर्चिक विधींना त्यांनी विरोध केला आणि विवाह साधेपणाने व्हावेत, असा आग्रह धरला. १९०३ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली श्री नारायण धर्म परिपालन योगम् ही संस्था स्थापन झाली. महाकवी कुमारन आशान तिचे पहिले सचिव होते. परंतु संस्थेत एळवांच्या जात्यभिमानालाच खतपाणी मिळत आहे, असे दिसू लागल्यावर गुरू तिच्यापासून दूर झाले. आपण कोणत्याही जातीचे अथवा धर्माचे नाही, असे त्यांनी १९१६ साली जाहीर केले. आता यापुढे मंदिरे नकोत, विद्यालये हीच खरी मंदिरे होत, असा संदेश त्यांनी त्यानंतर दिला.

गुरूंच्या भूमिकेची खरी कसोटी त्यांच्या शिष्यांमुळे लागली. सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ साली चेराई येथे सहभोजन घडवून आणले. एळवांनी आपल्याहूनही खालच्या मानल्या गेलेल्या पुलया समाजातील लोकांसमवेत अन्न घेतले, म्हणून अय्यप्पन यांच्यावर स्वजातीयांनीच बहिष्कार टाकला. गुरूंनी मात्र त्यांना पाठिंबा दिला. मानवजातीसाठी एकच जात, एकच धर्म आणि एकच ईश्वर, ही गुरूंची शिकवण होती. नास्तिक असलेल्या अय्यप्पन यांनी ती बदलून जात, धर्म आणि ईश्वर ही तिन्ही नाकारली. तरीही गुरूंनी या शिष्याला दूर लोटले नाही. स्वतः ईश्वरनिष्ठ राहूनही शिष्याची नास्तिकता त्यांनी सहन केली.

धर्मांतराचा प्रश्न त्या काळी एळवा समाजात तीव्रतेने चर्चिला जात होता. धर्म कोणताही असो, माणूस चांगला व्हावा, एवढीच गुरूंची अपेक्षा होती. १९२४ साली आलुवा येथील अद्वैताश्रमात त्यांनी सर्वधर्म परिषद भरविली. वाद घालून जिंकण्यासाठी नव्हे, तर एकमेकांना जाणून घेण्यासाठी ही परिषद आहे, असे तेथे आवर्जून नमूद करण्यात आले होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या वैकोम सत्याग्रहाला त्यांनी आश्रमाची जागा आणि निधी देऊन साहाय्य केले. मार्च १९२५ मध्ये महात्मा गांधी शिवगिरी येथे त्यांना भेटले. एकाच झाडाची पानेही सारखी नसतात, असे गांधीजींनी वर्णभेदाच्या संदर्भात म्हटले, तेव्हा पाने निरनिराळी असली तरी त्यांच्या रसाची चव एकच असते, हे गुरूंनी निदर्शनास आणून दिल्याचे सांगितले जाते.

गाभाऱ्यातील मूर्तीचे स्थानही या काळात बदलत गेले. १९२० च्या सुमारास कारमुक्कू येथे त्यांनी दीपाची प्रतिष्ठापना केली. मुरुक्कुंपुळा येथे सत्य, धर्म आणि दया यांसारखी तत्त्वे कोरलेला धातूचा फलक बसविला. १९२७ साली चेर्तला तालुक्यातील कळवंकोड येथे मूर्ती हवी असे म्हणणारे भाविक आणि मूर्तीला विरोध करणारे तरुण असे दोन तट पडले. गुरूंनी आरसा मागविला. त्याच्या पाठीवरील पारा खरवडून ओंकार उमटविण्यात आला आणि त्याचीच प्रतिष्ठापना झाली. भाविकांचे मंदिर राहिले. मात्र दर्शनासाठी आलेल्या प्रत्येकाला, तो कोणत्याही जातीचा असो, ओंकाराबरोबर स्वतःचेच रूप दिसू लागले.

२० सप्टेंबर १९२८ रोजी शिवगिरी येथे नारायण गुरूंनी देह ठेवला. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्रावणकोरच्या महाराजांनी मंदिरप्रवेशाची घोषणा करून संस्थानाच्या मंदिरांची दारे सर्व हिंदूंना खुली केली. आज केरळमध्ये गावोगावी गुरूंच्या मूर्ती असून त्यांची पूजाही होते. आरशाची प्रतिष्ठापना करणाऱ्या गुरूंना मूर्तिरूपात बसवावे काय, यावर तेथे वेळोवेळी चर्चा होत असते. पिवळी वस्त्रे परिधान केलेले हजारो भाविक दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीस शिवगिरीची यात्रा करतात. या यात्रेचे प्रयोजन ठरविताना गुरूंनी ईश्वरभक्तीबरोबर शिक्षण, स्वच्छता, संघटन, शेती, व्यापार, हस्तव्यवसाय आणि तांत्रिक प्रशिक्षण असे आठ विषय नेमून दिले होते. या विषयांवर जाणकारांची व्याख्याने व्हावीत आणि यात्रेकरूंनी ती ऐकून घरी जाऊन आचरणात आणावीत, अशी त्यांची सूचना होती.