फादर थॉमस स्टीफन्स व प्रकटीकरणाचा सण

जानेवारीच्या ६ तारखेस कॅथलिक मंडळीत प्रकटीकरणाचा सण पाळतात. पूर्वेकडील मागी लोक ताऱ्याच्या अनुरोधाने बेथलेहेमास आले व त्यांनी बाळ येशूस सोने, ऊद व गंधरस अर्पण केला, ही कथा मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. हे मागी यहुदी नव्हते, परके होते. तारणारा एकाच राष्ट्राचा नसून सर्व राष्ट्रांचा आहे, हे त्या दिवशी प्रकट झाले, असा या सणाचा अर्थ होय. परंतु जी वार्ता मनुष्यास आपल्या भाषेत कळली नाही, ती त्यास प्रकट झाली असे म्हणता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या आयुष्याने दिले, त्या फादर स्टीफन्स यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडात कॅथलिकांस आपला धर्म उघडपणे पाळणे कठीण झाले होते. स्टीफन्स यांनी स्वदेश सोडून १५७५ साली रोम येथे येशूसंघात प्रवेश केला, आणि १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून निघून ऑक्टोबरात ते गोव्यास पोचले. मागींच्या नावाचे रेइश मागूश चर्च मांडवीच्या उत्तर तीरावर १५५५ सालीच उभे राहिले होते. पुढे १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, सुमारे ४० वर्षे, स्टीफन्स गोव्यातच राहिले. त्यांतील बहुतेक काळ साष्टी प्रांतात गेला.

तो काळ सौम्य नव्हता. साष्टीतील देवळे राजसत्तेने पाडली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे येशूसंघाचे पाच जण मारले गेले; पुढे त्या गावच्या पुढाऱ्यांसही ठार मारण्यात आले. जेथे धर्म व दंडसत्ता हातांत हात घालून आली, तेथे प्रीतीची वार्ता लोकांच्या अंतःकरणास कशी भिडावी?

स्टीफन्स यांनी प्रथम शिष्यत्व पत्करले. ते कोकणी व मराठी शिकले. इकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी आहे, असे त्यांनी १५८३ सालीच आपल्या भावास पत्राने कळविले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्यासाठी स्टीफन्स यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. मागींची यात्राही त्यात मराठीत अवतरली. कोकणीचे त्यांनी लिहिलेले व्याकरण मरणोत्तर, १६४० साली, प्रसिद्ध झाले.

फलटणच्या वाचकांस याचे मोल सांगावयास नकोच. आपले गाव श्रीचक्रपाणींचे जन्मस्थान म्हणून महानुभावांचे तीर्थ. आणि त्या पंथाने तर स्टीफन्स यांच्या कित्येक शतके आधी धर्मज्ञान मराठीतून सांगितले होते.

१६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडण्याचे फर्मान काढले. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. तरी हस्तलिखितांतून ग्रंथ जगला व १९०७ साली मंगळुरास पुन्हा छापला गेला.

मागींनी भेटी काढण्यापूर्वी दंडवत घातले होते. स्टीफन्स यांनीही देण्यापूर्वी नम्रपणे घेतले. विद्यार्थीहो, तुम्ही अनेक भाषा शिका. परंतु एका परदेशीयाने जिच्यासाठी आयुष्य वेचले, त्या मायबोलीस घरच्या घरी परकी करू नका.