कागद कोरा ठेवणारा चित्रकार : जॉन सिंगर सार्जंट



चित्रकलेच्या तासाला आपण मुलांना हमखास सांगतो, की कागद कुठेही पांढरा दिसता कामा नये. मीही बरीच वर्षं हेच सांगत आले. एका कारंज्याचं चित्र पाहिलं आणि मी ते सांगणं बंद केलं. त्या चित्रकाराची आज ओळख करून घेऊया.

जॉन सिंगर सार्जंट यांचा जन्म १२ जानेवारी १८५६ रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. आईवडील अमेरिकन. वडील डॉक्टर होते. आईला प्रवासाची आणि जलरंगांची भारी आवड! कुटुंब युरोपभर फिरत राहिलं, त्यामुळे जॉनची शाळा अशी कुठे टिकलीच नाही. पण संग्रहालयं, बागा, जुनी शहरं पाहत आणि त्यांची चित्रं काढत तो शिकत गेला. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन आणि जर्मन या चारही भाषा त्याला येत होत्या.

१८७४ मध्ये ते पॅरिसला कॅरोलस-ड्युरान या चित्रकाराकडे शिकायला गेले. पुढे १८८४ च्या प्रदर्शनात त्यांनी एका स्त्रीचं तैलचित्र मांडलं. पोशाखाचा एक पट्टा खांद्यावरून घसरलेला दाखवला होता. झालं, लोकांनी टीकेची झोड उठवली! शेवटी सार्जंट लंडनला जाऊन राहिले. तिथे त्यांचा जम बसला. श्रीमंत माणसं आपलं चित्र काढून घेण्यासाठी त्यांच्याकडे येऊ लागली.

पण बघा, नाव आणि पैसा दोन्ही मिळत असताना, १९०७ च्या सुमारास त्यांनी अशा मागणीच्या तैलचित्रांची कामं घेणं जवळजवळ थांबवलं. त्यांचं मन रमत होतं उन्हात बसून जलरंगांत चित्रं काढण्यात.

१९०६ मध्ये त्यांनी इटलीतल्या मेडिची या जुन्या सरदार घराण्याच्या बागेतलं कारंजं जलरंगात रंगवलं. मी पाहिलं ते हेच चित्र. पांढरा दगड आणि त्यावरचं ऊन जलरंगात दाखवायचं कसं? सार्जंट आपल्या जलरंगचित्रांत सावल्या निळ्या-जांभळ्या, तपकिरी रंगांत रंगवायचे आणि उजेडाच्या जागी बऱ्याचदा कागद तसाच ठेवायचे. म्हणजे चित्रात जे ऊन चमकतं, तो चक्क कोरा कागद असतो! काही चित्रांत त्यांनी मेणही वापरलं. मेण लावलेल्या जागी रंग धरत नाही. गरज पडली तर ते जाड पांढरा रंगही लावत.

१९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाने त्यांची ८३ जलरंगचित्रं एकदम विकत घेतली. हे कारंजं त्यांतच आहे. १५ एप्रिल १९२५ रोजी लंडनमध्ये सार्जंट यांचं निधन झालं.

वर्गात किंवा घरी एवढं करून पाहा. मुलांना मेणबत्तीच्या तुकड्याने कागदावर कारंज्याच्या धारा काढू द्या, मग वरून पातळ निळा रंग फिरवायला सांगा. पांढऱ्या धारा उमटल्या की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात!

आणि एखाद्या मुलाने कागद कोरा सोडलाच, तर लगेच रागावू नका. तिथे काय आहे, ते आधी त्याला विचारा. कदाचित त्याने तिथे ऊन ठेवलं असेल.