बाबासाहेबांचं घर आणि आपली सोसायटी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी घरखरेदीवर चार शब्द लिहा, असं आपल्या चिटणीसांनी सांगितलं. बँकेत असताना डोंबिवली-कल्याणच्या कितीतरी कुटुंबांच्या गृहकर्जाच्या फायली माझ्या हाताखालून गेल्या. माझा सल्ला ठरलेला असे. घर पसंत पडलं, कागदपत्रं वकिलाला दाखवून झाली, की रेंगाळू नका. झेपेल तो आकडा सांगा, टोकन द्या, पावती घ्या. दोन दिवस उशीर केला म्हणून हातचं घर गेलेले लोक मी पाहिलेत. हा सल्ला आजही खरा आहे, पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र वाचल्यापासून तो मला अपुरा वाटतो.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महूचा. वडील रामजी सैन्यात सुभेदार. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला. 1917 मध्ये करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर झाले. भाडं द्यायची तयारी होती, पण अस्पृश्य म्हणून कोणी जागा देईना. शेवटी पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत रोज दीड रुपया भाड्याने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेली. त्यांनी दोन मित्रांना आसरा मागितला, दोघांनीही टाळलं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत हा एवढा शिकलेला माणूस कमाठी बागेत बसून राहिला.

पुढे 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला लंडनची डॉक्टरेट मिळाली. बॅरिस्टर झाले, प्राध्यापक झाले. संसार मात्र परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांतच. अखेर त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत प्लॉट घेतला. गोलमेज परिषदांची धावपळ चालू असतानाच बांधकाम झालं आणि 1933 मध्ये राजगृह उभं राहिलं. त्यात मोठी जागा पुस्तकांना होती. रमाबाईंच्या वाट्याला ते घर फार थोडं आलं. 27 मे 1935 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब दिल्लीत गेले, तेव्हा त्यांचा देहही आधी राजगृहावरच आणला होता.

आता माझी गोष्ट. सोसायटीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी खजिनदार होतो. एका गृहस्थांनी इथला फ्लॅट पसंत केला, टोकन दिलं, कर्जही मंजूर करून आणलं. म्हणजे माझ्या सल्ल्यातलं काहीच त्यांनी चुकवलं नव्हतं. ना-हरकत दाखल्याचा अर्ज कमिटीपुढे आला. आडनाव वाचल्यावर कोणीतरी म्हणालं, पुढच्या मीटिंगला बघू. पुढच्या मीटिंगलाही तेच झालं. कारण सगळ्यांना कळत होतं, मलाही. मी हिशेबाच्या वहीत मान घालून बसलो. त्यांनी कंटाळून कल्याणला घर घेतलं.

घेणाऱ्याने वेळेवर पाऊल टाकावं हे खरंच, पण दारातल्या माणसाला वेळेवर उत्तर देणं हे आतल्यांचं काम आहे. ते मी केलं नाही. या वर्षी कमिटीला माझी एक विनंती आहे. कागद पुरे असतील तर नव्या सभासदाच्या अर्जाचा निर्णय त्याच महिन्यात व्हावा, आणि नकार दिला तर कारण लेखी द्यावं. एवढा ठराव झाला तर मला हा महोत्सव पावला.