झिलईसाठी सोळा वर्षे : बर्नार पालिसी ह्याचे चरित्र

ज्या समाजाने मातीला आकार देणे हाच आपला कुलधर्म मानला, त्या समाजाच्या स्मरणिकेत दूरदेशीच्या एका कुंभाराचे चरित्र यावे ह्यात वावगे काही नाही. माती, पाणी आणि विस्तव ह्यांचे नाते सर्व देशांत सारखेच आहे. मात्र ज्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत, तो बर्नार पालिसी जन्माने कुंभार नव्हता; आणि त्याच्या हालअपेष्टांचे मूळ ह्याच गोष्टीत होते. आपल्या घरांतील मूल बोलू लागण्यापूर्वी चिखलाशी खेळते. कोणती माती वाळताना तडकेल, आव्याला किती जळण लागेल, हे ते पाहता पाहता शिकते. पालिसीला हे शिकविणारे कोणीही नव्हते.

पालिसीचा जन्म इ. स. १५१०च्या सुमारास फ्रान्स देशात झाला. काचेवर चित्रे रंगविणे व जमिनीची मोजणी करणे हे त्याचे उपजीविकेचे धंदे होते. देशाटन करून इ. स. १५४०च्या सुमारास तो नैऋत्य फ्रान्समधील सँत ह्या गावी संसार थाटून स्थिरावला. तेथे त्याच्या दृष्टीस एक मातीचा पेला पडला. त्या पेल्यावर अशी काही शुभ्र व तेजस्वी झिलई होती की, पालिसीचे चित्त तीत कायमचे गुंतले. अशी झिलई आपण स्वतः तयार करावयाची, असा त्याने निश्चय केला.

झिलई म्हणजे भांड्याच्या अंगावर वितळून बसलेली काच होय. वाळूतील सिलिका हा तिचा मुख्य घटक. परंतु ती एकटी सहजी वितळत नाही, म्हणून त्या काळी तीत शिशाचे भस्म घालीत. कथिलाचे भस्म मिसळले की ती पारदर्शक न राहता दुधासारखी पांढरी होते. तांब्याने हिरवा, कोबाल्टाने निळा, मँगनीजाने जांभळट तपकिरी, तर लोखंडाने पिवळा वा तपकिरी रंग येतो. हे आज कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. त्या काळीदेखील इटलीतील कारागीर कथिलाची पांढरी झिलई नित्य वापरीत असत. पण विद्या कारखान्यांच्या भिंतींआड होती, आणि पालिसी भिंतीबाहेर उभा होता.

त्याने बाजारातून मडकी आणून फोडली, प्रत्येक खापरीवर निरनिराळे मिश्रण लावले, कोणत्या खापरीवर काय लावले ह्याची टिपणे ठेवली आणि स्वतः बांधलेल्या भट्टीत त्या भाजल्या. काहीच साधले नाही. पुढे तीनशेहून अधिक खापऱ्या त्याने गावाबाहेरील कुंभारांच्या भट्टीत पाठविल्या. तेथे झिलई वितळण्याइतकी उष्णताच नव्हती. मग तो काचकारखान्याच्या भट्टीकडे वळला. मध्यंतरी राजाने मिठावरील कराच्या संदर्भात मिठागरांची मोजणी करविली, त्या कामाचे चार पैसे त्याच्या हाती आले; तेही प्रयोगांत गेले. अखेर तीनशे खापऱ्यांच्या एका खेपेत एकच खापरी निघाली, जिच्यावरील झिलई वितळून पांढरी शुभ्र झाली होती.

एका खापरीवर साधले ते भांड्यावर साधेना. पालिसीने विटा व पाणी स्वतः वाहून नवी भट्टी रचली. सहा दिवस व सहा रात्री तो भट्टीपुढे बसून होता, तरी झिलई वितळली नाही. त्याने पुन्हा मिश्रण वाटले, नवी मडकी आणून त्यांवर लावले आणि भट्टी चालूच ठेवली. जळण संपले तेव्हा बागेतील आधाराच्या काठ्या गेल्या. त्यामागून घरातील मेजे व जमिनीच्या फळ्या गेल्या. गावात कोणी म्हणे हा वेडा झाला, कोणी म्हणे हा खोटी नाणी पाडतो. घरी तान्ही मुले होती, दारी सावकार होते. हाताखालच्या कुंभाराला मजुरी देण्यास पैसा उरला नाही, तेव्हा त्याने आपल्या अंगावरची वस्त्रे देऊन ते ऋण फेडले.

एका खेपेस तर यश अगदी हाताशी आले होते. परंतु भट्टीच्या चुन्यात गारगोटीचे खडे होते. ते उष्णतेने फुटले आणि त्यांच्या कपच्या वितळलेल्या झिलईत रुतून बसल्या. लोक ती भांडी अल्प किमतीस घेण्यास तयार होते. घरात अन्नाची वानवा असताही पालिसीने ती सर्व फोडून टाकली. सदोष माल विकून आपल्या हाताला बट्टा लावणे त्याला मान्य नव्हते. त्या दिवशी त्याच्या पत्नीने त्याला काय म्हटले असेल, ह्याची कल्पना आपल्या घरांतील माताभगिनी सहज करू शकतील. आम्ही तिला दोष देऊ इच्छित नाही. गोरोबाकाकांची कथा ज्या समाजात घरोघरी सांगितली जाते, त्याला हे ठाऊक आहे की, एकाच्या तंद्रीची किंमत पुष्कळदा घरच्यांनाच द्यावी लागते.

प्रत्येक अपयशाने मात्र काहीतरी शिकविले. राख उडून झिलई खराब होते, असे दिसताच त्याने भांड्यांवर मातीची आवरणे घालण्यास आरंभ केला. हिरवा रंग करपतो तरी पांढरा अजून वितळलेला नसतो, हे पाहून त्याने सर्व रंग एकाच आंचेवर वितळतील अशी मिश्रणे जुळविली. ह्या खटपटीत पंधरासोळा वर्षे गेली.

त्यातून जे निर्माण झाले ते अपूर्व होते. पालिसी खऱ्या बेडकांचे, सरड्यांचे, सापांचे, माशांचे, शिंपल्यांचे व पानांचे साचे घेई, त्यांच्या प्रतिकृती मोठ्या परातींवर बसवी आणि त्यांवर अशी झिलई चढवी की, ती परात पाणथळ जागेचा तुकडाच वाटावी. ओल्या कातडीचे तेज आणि शेवाळाची छटा झिलईतूनच उमटे. सरदार आन द मोंमोरांसी ह्याने त्याला आश्रय दिला, आणि पुढे राजमाता कातरीन द मेदिची हिने पॅरिसमधील त्युइलरी राजवाड्याच्या उद्यानासाठी त्याच्याकडून कृत्रिम गुहेचे काम करविले. लूव्रच्या आवारात इ. स. १९८०च्या दशकात झालेल्या उत्खननात त्याच्या कार्यशाळेचे अवशेष व साचे सापडले.

विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या ह्या कारागिराने इ. स. १५७५पासून पॅरिसमध्ये निसर्गविषयक व्याख्याने दिली. झऱ्यांचे पाणी पावसापासून येते, दगडांतील शिंपले एके काळच्या जिवंत प्राण्यांचे आहेत, अशी त्याची मते होती. ती पुढे खरी ठरली.

इ. स. १५८०मध्ये त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आपल्या अपयशांची हकिकत त्याने मोकळेपणाने सांगितली, झिलईतील द्रव्यांची नावेही दिली; परंतु प्रमाणे दिली नाहीत. शेती व औषधी ह्यांचे ज्ञान लपवू नये, पण कारागिराचे रहस्य सर्वांहाती गेले की माल मातीमोल होतो, असे त्याचे म्हणणे होते. पोटाची चिंता ज्याला ठाऊक आहे, तो ह्या विचाराला एकदम नावे ठेवणार नाही.

पालिसी प्रॉटेस्टंट पंथाचा होता. धर्मकलहाच्या त्या काळात इ. स. १५८८मध्ये त्याला कैद झाली, आणि सुमारे ऐंशी वर्षांचा हा वृद्ध इ. स. १५९०च्या सुमारास पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात मरण पावला. अनुयायांनी काही काळ तशी भांडी केली. पुढे ती विद्या लोपली. सुमारे अडीचशे वर्षांनी तूर शहरातील शार्ल-झाँ आव्हिसो नावाच्या कुंभाराला पालिसीच्या एका भांड्याने असेच वेड लावले. त्यालाही कित्येक वर्षे खापऱ्या भाजीत बसावे लागले, तेव्हा कोठे इ. स. १८४०च्या दशकात त्याला यश आले. जी वाट एकदा रक्त आटवून काढली होती, तीच दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून काढावी लागली.

आम्हांस ह्या चरित्रातून जे वेचून घ्यावेसे वाटते ते हेच. पालिसीची चिकाटी वंदनीय आहे; त्याची शिशाची झिलई मात्र अनुकरणीय नव्हे, कारण शिसे विषारी असते आणि अन्नाच्या भांड्यांना आज शिसेविरहित झिलई उपलब्ध आहे. त्याची खरी देणगी म्हणजे क्रमाने केलेला प्रयोग आणि त्याचे टिपण. आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातांत मातीच्या मिश्रणाचे व भाजणीचे जे ज्ञान आहे, ते बहुतांशी कोठेही लिहिलेले नाही. घरातील शिकलेल्या मुलामुलींनी त्यांच्याजवळ बसून माती कोठली, मिश्रण किती, आंच किती वेळ, हे वहीत प्रमाणांसह उतरून घ्यावे. पालिसीने गाळलेली पाने आपल्या वहीत तरी कोरी राहू नयेत.