पायपेटीचे उपासक गोविंदराव टेंबे

जयपूर हे नाव महाराष्ट्रातील संगीतरसिकाच्या कानी पडले, की त्याला हवामहालाआधी एक गायकी आठवते. संस्थान जयपूरचे, पण त्या गायकीचा वृक्ष बहरला तो कोल्हापुरात. या नगरीत स्थायिक झालेल्या आपणा मराठी मंडळींना हे नाते विशेष जिव्हाळ्याचे वाटावे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त या नात्याची आठवण करून देणाऱ्या एका थोर कलावंताचे स्मरण करणे उचित ठरेल. ते कलावंत म्हणजे पेटीचे जादूगार गोविंदराव टेंबे.

गोविंदरावांचा जन्म 1881 साली कोल्हापूरजवळील सांगवडे येथे झाला. त्या काळी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापूर हे गुणिजनांचे माहेरघर बनले होते. 1855 साली जयपूर संस्थानातील उणियारा येथे जन्मलेले अल्लादियाखाँसाहेब तेथे दरबारी गायक होते. खाँसाहेबांची पेचदार गायकी आणि भास्करबुवा बखले यांचे चतुरस्र गाणे या दोन संस्कारांवर गोविंदरावांचा पिंड पोसला गेला. पेटीवर त्यांनी हात बसवला तो मात्र मुख्यतः स्वतःच्या साधनेने. पुढे ते भास्करबुवांना साथ करू लागले, आणि साथीचे वाद्य मानली गेलेली पेटी त्यांच्या हाती स्वतंत्रपणेही बोलू लागली.

या वाद्याची जन्मकथा मनोरंजक आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर दबें याने 1840 च्या सुमारास हार्मोनियमचे एकस्व घेतले. ते वाद्य पायांनी भाता चालवून वाजवीत. अमेरिकेत याच जातीचे ऑर्गन घडू लागले, आणि बोस्टनच्या मेसन अँड हॅम्लिन व व्हरमाँटमधील एस्टी या कारखान्यांची नावे जगभर झाली. दोहोंत एक सूक्ष्म भेद आहे. हार्मोनियमचा भाता हवा पितळी सुरांतून बाहेर ढकलतो. अमेरिकी ऑर्गनचा भाता ती आत ओढून घेतो. त्यामुळे ऑर्गनचा नाद अधिक मृदू व गोलाईदार येतो. आपल्याकडे बैठकीच्या सोयीसाठी हातपेटी रूढ झाली. पायपेटी मात्र रंगभूमीने आपलीशी केली. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवणारे आणि वादकाचे दोन्ही हात मोकळे ठेवणारे असे वाद्य नाटकमंडळ्यांना हवेच होते.

12 मार्च 1911 रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने काकासाहेब खाडिलकरांचे मानापमान रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली गोविंदरावांच्या होत्या. पूरबी ढंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा लडिवाळपणा त्यांनी मराठी पदांत असा मिसळला, की ती पदे घरोघर गेली. 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव यांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. गोविंदराव तेथे फार काळ राहिले नाहीत. त्यांनी पुढे स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. गंधर्व मंडळीत मात्र ऑर्गनचे वैभव वाढतच गेले. थिरकवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन ही साथ म्हणजे रसिकांच्या दृष्टीने नाटकाइतकेच मोठे आकर्षण होते.

1932 साली प्रभात कंपनीच्या अयोध्येचा राजा या बोलपटात गोविंदराव दुर्गाबाई खोट्यांसमवेत हरिश्चंद्राच्या भूमिकेत झळकले. संगीतही त्यांचेच होते. लेखणीही त्यांनी तितक्याच प्रेमाने चालवली. माझा संगीत व्यासंग आणि माझा जीवनविहार ही त्यांची पुस्तके, तसेच त्यांनी लिहिलेले अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र, हा मराठी संगीतवाङ्मयाचा ठेवा आहे. जयपूरच्या गायकीचा वृत्तान्त मराठीत उतरावा, आणि तो एका पेटीवादकाच्या हातून, हा योग अपूर्वच म्हटला पाहिजे.

अपूर्व अशासाठी, की ज्या वाद्याला त्यांनी आयुष्य वाहिले त्यावर परकेपणाचा शिक्का बसला होता. पेटीचे सूर ठोकून पक्के केलेले. त्यांत मींड निघत नाही, श्रुतींचे बारकावे येत नाहीत, हा आक्षेप निराधार नव्हता. 1940 साली आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले. 1955 साली गोविंदराव निवर्तले तेव्हाही ते बंदच होते. ते किलकिले झाले 1971 साली. पण वाद्याची ही उणीव गोविंदरावांना अज्ञात होती असे नव्हे. ती ओळखूनच त्यांनी स्वरांची जोडणी, दाब आणि विराम यांच्या बळावर पेटीतून गाण्याचा भास निर्माण केला. परक्या भूमीतून आलेले वाद्य कष्टाने व प्रेमाने आपले होते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? परमुलखात घर करून राहिलेल्या आपणांस त्याचा अर्थ अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

जुने ऑर्गन आता दुर्मिळ झाले आहेत. एखाद्या जुन्या वाड्यात, शाळेत किंवा प्रार्थनामंदिराच्या कोपऱ्यात दोन पायट्यांची, सागवानी वा अक्रोडी पेटी धूळ खात पडलेली आढळली, तर तिला अडगळ समजून मोडीत काढू नये. भात्याचे कापड फाटलेले असते, उंदरांनी कातडे कुरतडलेले असते. पण पितळी सूर बहुधा शाबूत असतात. जाणत्या कारागिराकडून भाता नव्याने मढवून घेतला, सुरांवरची धूळ हळुवार झाडली, की शंभर वर्षांमागचा तो घनगंभीर नाद पुन्हा जागा होतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा ठेवा निघाला आणि त्यावर मानापमानातील एखादे पद वाजले, तर गोविंदरावांना वाहिलेली ती खरी आदरांजली ठरेल.