डॉ. पॉल तूर्निए : ऐकून घेणारा वैद्य

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे १२ मे १८९८ रोजी पॉल तूर्निए यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पाळक होते. पॉल तान्हे असतानाच ते निवर्तले आणि सहाव्या वर्षी मातेचेही छत्र हरपले. नातलगांनी मुलाचा प्रेमाने सांभाळ केला. परंतु पोरकेपणाचे दुःख त्याच्या मनात कोंडलेलेच राहिले. १९२३ साली पॉल डॉक्टर झाले व १९२४ साली नेली बूव्हिए यांच्याशी विवाहबद्ध झाले.

हे तरुण डॉक्टर मंडळीच्या कार्यात अग्रेसर होते. धर्मसिद्धान्तांवर ते हिरिरीने वाद घालीत. १९३२ साली ऑक्सफर्ड ग्रूप या आध्यात्मिक चळवळीशी त्यांचा संबंध आला आणि देवासमोर निवांत बसून मनन करण्याचा परिपाठ त्यांनी सुरू केला. पुढे पतिपत्नी एकत्र मननास बसू लागली. बालपणापासून दाबून ठेवलेले दुःख त्यांनी पत्नीजवळ मोकळे केले. नेलीबाईंनीही आपले शल्य बोलून दाखविले. पती आपले शिक्षक, डॉक्टर, मानसतज्ज्ञ, एवढेच नव्हे तर पाळकही झाले. पती मात्र झाले नाहीत, असा त्याचा आशय होता. डॉक्टरांनी हा दोष पदरात घेतला व पुढे अनेकांना तो स्वतःहून सांगितला.

१९३७ पासून औषधोपचारांबरोबर रुग्णाच्या अंतःकरणाकडेही लक्ष देण्याचे त्यांनी ठरविले. १९४० साली या विचारांवरील त्यांचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. संसारात दुरावलेली पतिपत्नी त्यांच्याकडे येत. डॉक्टर आपला विश्वास त्यांच्यावर लादीत नसत, निवाडाही करीत नसत. ते ऐकून घेत. १९६२ साली त्यांनी दांपत्यजीवनातील अडचणींवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. परस्परांना समजून घेण्याची इच्छा हवी, मन उघडण्याचे धैर्य हवे आणि पूर्ण समेट ख्रिस्ताला शरण गेल्यानेच साधतो, असे त्याचे सार आहे.

१९७४ साली नेलीबाई अथेन्स येथे प्रभूकडे गेल्या. ७ ऑक्टोबर १९८६ रोजी डॉक्टरांनीही देह ठेवला.

आपल्या मंडळ्यांतही दुखावलेली दांपत्ये पाळकांकडे व वडीलजनांकडे येतात. त्यांना वचने ऐकविणे सोपे असते. परंतु जो स्वतःच्या घरी नम्र होऊन ऐकावयास शिकला, त्याच्याच प्रार्थनेचा त्यांना आधार वाटतो. डॉ. तूर्निए यांच्या जीवनाचा हा धडा आपण प्रथम आपल्याच घरी गिरविला पाहिजे.