विहिरीच्या भिंतीत पिंपळ कोण लावतं? बांडगुळापासून निजामाच्या जंगलापर्यंत सलीम अलींची गोष्ट

खार जमिनीत बिया पुरते, त्यातल्या काही विसरते आणि तिथे झाड उगवतं. ही गोष्ट तुम्ही शाळेच्या पुस्तकात नाहीतर एखाद्या व्हिडीओत नक्की पाहिली असेल. गोष्ट खरी आहे, पण ती मुख्यतः थंड देशांतली आहे. उत्तर अमेरिकेतली करडी खार थंडीच्या आधी ओकच्या बिया एकेक करून असंख्य जागी पुरते. सगळा साठा एकाच खड्ड्यात ठेवला आणि दुसऱ्या कुणी पळवला, तर हिवाळाभर उपास. म्हणून ही विभागणी. आठवण आणि वास यांच्या जोरावर ती बऱ्याच बिया परत उकरून काढते. ज्या सापडत नाहीत, किंवा ज्यांची मालकीणच थंडीत मरते, त्या रुजतात. ओकची बी जड असते, वाऱ्यावर उडत नाही. त्यामुळे आईच्या सावलीतून बाहेर पडायला तिला असा हमाल लागतोच.

नांदेड-लातूरकडे बर्फ पडत नाही. पाठीवर पट्टे असलेल्या आपल्या खारीला हिवाळ्यासाठी कोठार भरायची तेवढी गरज नाही. मग इथे बी पेरायचं काम कोण करतं? कारण काम तर चालू आहे. लातूर हा राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. तरीही पडक्या विहिरीच्या भिंतीतून पिंपळ बाहेर येतो, बांधावर कुणीही न लावलेला कडुनिंब उभा राहतो आणि काटेरी कुंपणाखाली रोपांची रांग दिसते.

हे बरंचसं काम पक्षी करतात. आज हे कुणीही सांगेल. पण नव्वदेक वर्षांपूर्वी पक्षी आणि झाडांचा हा व्यवहार तासन्‌तास बसून पाहणारे, त्याच्या नोंदी ठेवून शास्त्रीय नियतकालिकात छापणारे भारतीय अगदी मोजके होते. त्यातलं मोठं नाव म्हणजे सलीम अली. गंमत म्हणजे ते हे पाहू शकले, कारण त्यांची नोकरी गेली होती.

छर्‍याच्या बंदुकीने सुरुवात

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. वडील ते एक वर्षाचे असताना गेले, आई तीन वर्षांचे असताना. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात सगळ्या भावंडांना वाढवलं. मामा शिकारी होते, त्यामुळे पोरालाही शिकारीचा नाद. दहा-बारा वर्षांच्या सलीमने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. पण तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीच्या चिमणीला असा ठिपका नसतो, मग ही कोण? मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. हा किस्सा इतक्या वेळा सांगितला गेलाय की पुढची गाडी सरळ रुळावर होती असं वाटतं. तसं झालं नाही.

कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात गेले. तिथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. त्यात त्यांचं मन कमी आणि आजूबाजूच्या जंगलात जास्त. मग मुंबईत परत, थोडं व्यापारी शिक्षण, थोडं प्राणिशास्त्र. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. धंदा बुडाला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामधली पक्षितज्ज्ञाची जागाही मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी लागली. तिथून रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली.

तिशी ओलांडलेली, संसार मागे, हातात पदवी नाही आणि जे काम येतं त्याला देशात पगार नाही. मुंबईत राहणं परवडेना म्हणून नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले.

बांडगूळ कोण पसरवतं?

किहीममध्ये रिकामा वेळ भरपूर होता. तिथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत पडलं तर ताबा घेते आणि नर लगेच दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यातून जगाला कळलं. त्यांचं नाव झालं ते या अभ्यासामुळे. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे त्याच काळातला, कमी चर्चा झालेला दुसरा लेख. १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलेला हा लेख कोकणातल्या बांडगुळाबद्दल होता. शिंजीर आणि फुलटोचा हे इवलेसे पक्षी बांडगुळाच्या प्रसारात काय काम करतात, हा त्याचा विषय.

बांडगूळ म्हटलं की आपल्याला आधी शिवी आठवते. पण त्याची अडचण समजून घ्या. ही वनस्पती दुसऱ्या झाडाच्या फांदीवरच जगते. तिची बी जमिनीवर पडली की संपली. म्हणजे बी फांदीवर नेऊन चिकटवणारा कुणीतरी हवा. शिंजीर फुलातला मध पितो आणि परागकण इकडून तिकडे नेतो. फळ धरलं की फुलटोचा येतो. तो फळ गिळतो, वरचा गर पचतो आणि चिकट बी काही मिनिटांत शेपटीखालून बाहेर येतं. ते इतकं चिकट असतं की सहज सुटत नाही. मग पक्षी अंग फांदीवर घासतो आणि बी नेमकं हव्या त्या जागी बसतं. खार विसरते म्हणून झाड उगवतं. इथे विसरण्याचाही प्रश्न नाही, पक्ष्याला फक्त त्रासातून सुटायचं असतं.

आंब्याच्या बागवाल्यासाठी हा पक्षी अर्थातच उपद्रवी. सलीम अलींच्या कामातली ही बाजू लक्षात ठेवायला हवी, कारण आज पक्ष्यांचं कौतुक करताना ती गाळली जाते. पक्षी आपल्याला आवडेल तेच पेरत नाहीत. चंदनाच्या बिया ज्या बुलबुलांच्या पोटातून पसरतात, तेच बुलबुल घाणेरीची काळी फळंही आवडीने खातात. अमेरिका खंडातून बागेच्या शोभेसाठी आणलेली घाणेरी माळरानं आणि जंगलं व्यापून बसली, त्यात या पक्ष्यांचा मोठा हात आहे.

निजामाच्या राज्यात

नोकरी मिळत नव्हती तेव्हा सलीम अलींनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला. तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी करून देतो, मेहनताना नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. पहिली मोठी पाहणी ठरली हैदराबाद संस्थानची, १९३१-३२ मध्ये.

आता हैदराबाद म्हणजे फक्त आजचं शहर नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, त्याचा वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला. आज नांदेडमध्ये असलेलं किनवट त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यात होतं. थोडक्यात, हा सगळा पट्टा ज्या राज्याचा भाग होता, त्या राज्याच्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर पाहणी एका बेरोजगार माणसाने जवळपास फुकटात केली.

पाहणीचं काम रोमँटिक नव्हतं. तंबू टाकायचा, पहाटे निघायचं, पक्षी टिपायचे, त्यांची कातडी सोलून त्यात कापूस भरायचा, मापं घ्यायची, जागा आणि तारखेची चिठ्ठी बांधायची. हो, बंदुकीनेच. त्या काळी नमुना हातात नसेल तर नोंद कुणी धरत नसे. इंग्लंडहून ह्यू व्हिस्लर हे पक्षितज्ज्ञ नमुन्यांची तपासणी करत. पण सलीम अलींना पोटजातींच्या किसापेक्षा जिवंत पक्ष्यात जास्त रस होता. कोण कुठल्या झाडावर काय खातं, घरटं कधी बांधतं, हे त्यांच्या टिपणांचं बळ. १९३३-३४ मध्ये ही पाहणी सोसायटीच्या जर्नलमध्ये भागाभागाने छापून आली. त्यांचा फुलं आणि पक्षी यांच्या नात्यावरचा लेख १९३२ चा, तर भारतातल्या पक्ष्यांच्या आर्थिक उपयोगावरचा १९३६ चा. पक्षी शेतीला आणि जंगलाला काय देतात, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

या मुक्कामांत तेहमिना सोबत असत. शहरी सुखसोयीत वाढलेली ही बाई तंबूत राहायला शिकली आणि नवऱ्याच्या कामाचा अर्धा भार तिने उचलला. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. ते बहिणीकडे राहिले आणि काम करत राहिले.

नांदेड-लातूरचं जंगल कसं पेरलं जातं

लिंबोळ्या पिकतात जून-जुलैमध्ये. कोकीळ, साळुंकी, बुलबुल, कावळे त्या खातात आणि बी दुसरीकडे टाकतात. कडुनिंबाचं बी फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांत त्याची रुजण्याची ताकद संपत जाते. पण ते पडतं नेमकं पावसाच्या तोंडावर. पक्षी बसायला जागा शोधतो, म्हणून अशी रोपं तारेखाली, कुंपणाला, बोरीबाभळीच्या बुडाशी जास्त दिसतात. काटेरी झुडपाखाली शेळीही तोंड घालत नाही, त्यामुळे त्यातली काही वाचतात.

वड, पिंपळ, उंबर यांच्या बिया मोहरीहून बारीक. पक्षी आणि वटवाघळं फळं खातात, बी विष्ठेतून भिंतीच्या फटीत पडतं. तुमच्या विहिरीतला पिंपळ तिथूनच आला. करडा धनेश या फळांचा मोठा गिऱ्हाईक आहे.

सगळं श्रेय पक्ष्यांना देऊन मात्र चालणार नाही. किनवट-माहूरकडचं जंगल सागाचं, आणि सागाचं कडक फळ पेरायला पक्षी येत नाही. बोरं कोल्ह्याच्या पोटातून पसरतात, जांभळं खाणाऱ्यांत उदमांजर असतं. उलट हरियलसारखी कबुतरं बऱ्याच बिया पोटातच दळून टाकतात, म्हणजे फळ खाणारा प्रत्येक पक्षी माळी नसतो. आणि पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतल्याही बहुतेक मरतातच. फरक खर्चाचा आहे. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे खड्डा खणून लावलेलं रोप टँकरवर जगवणं म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. मात्र फळझाडंच तुटली, तर फुकट काम करणारा हा मजूर दुसरीकडे निघून जातो.

शेवटची वर्षं

पुढचं आयुष्य बहुतेकांना माहीत आहे. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. डिलन रिप्ले यांच्यासोबतचे दहा खंड १९६८ ते १९७४ या काळात आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. भरतपूरचं पाणपक्ष्यांचं जंगल आणि केरळचं सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठी त्यांनी आपलं वजन वापरलं. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असं त्यांना वाटत होतं, निवड मोराची झाली. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले आणि त्याच वर्षी त्यांचं आत्मचरित्र आलं. त्याच्या नावात ती लहानपणची चिमणी आहे. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

हैदराबाद पाहणीचे ते भाग सोसायटीच्या जुन्या अंकांत आजही वाचता येतात. मराठवाड्याच्या या पट्ट्यात शंभर वर्षांत कुठला पक्षी कमी झाला आणि कुठला टिकला, हे तपासायचं असेल तर तुलनेची सुरुवात तिथूनच करावी लागते.